बिजली हत्तीण आणि न कापलेलं पुस्तक

गैबी माहूत आशिया खंडाच्या सफरीवर जाणार ही बातमी गैबीला सगळ्यात शेवटी कळली. तोवर शेजारच्या बायडाबाईंनी रंगूनची छत्री सांगून ठेवली होती, पानवाल्या आकारामनं सयामच्या राजाला रामराम कळवायला सांगितलं होतं, आणि गैबीची बायको जुलेखा हिनं अंगणभर मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"हे एवढं तिखट कुणाला?" गैबीनं घरात शिरता शिरता विचारलं.

"तुमास्नी. आशिया खंडात तिखट मिळत न्हाय म्हणत्यात."

"आणि आशिया खंड कुठं हाय?"

"ते मला काय ठावं? मी तिखटाचं बघते, रस्त्याचं तुमी बघा."

साल एकोणीसशे आठ. कोल्हापूर दरबारच्या हत्तीखान्यातले दोन म्हातारे हत्ती एकाच उन्हाळ्यात गेले आणि दसऱ्याच्या स्वारीला हत्ती कमी पडायला लागले. तेव्हा असं ठरलं, की हत्तीखान्याचे अंमलदार गणपतराव यांनी ब्रह्मदेशात जाऊन दोन हत्ती आणावेत. तिथं पसंत पडले नाहीत तर पुढं सयामात जावं. तिथंही नाही पडले तर त्याच्याही पुढं जावं, पण त्याच्या पुढचा नकाशा कचेरीत नव्हता. मिरजेवरून मद्रास, मद्रासेहून आगबोटीनं रंगून, तिथून मौलमेन. गणपतरावांबरोबर जनावरांचा जाणकार असा एक माणूस जायचा होता. एकच.

गैबीला तो एक व्हायचं होतं. त्याचा बाप माहूत, आजा माहूत, तो स्वतः बावीस वर्षं हत्तीच्या मानेवर बसलेला. पण त्यानं बघितलेलं जग नृसिंहवाडीपाशी संपत होतं, आणि तिथंही तो हत्तीवरूनच गेलेला, त्यामुळं वाटेत दोन दिवस मोडले म्हणून प्रवास झाल्यासारखा वाटला एवढंच. जन्मभर हत्ती सांभाळून हत्ती जिथून येतो ती जागा न बघणं म्हणजे जन्मभर ऊस खाऊन उसाचं शेत न बघण्यासारखं आहे, असं तो म्हणायचा. रंगूनचं नाव ऐकल्यापासून तर त्याला झोपेतसुद्धा बोटीचा भोंगा ऐकू यायला लागला. बोट त्यानं कधी बघितली नव्हती. भोंगा बराचसा हत्तीसारखा होता.

अडचण एकच होती, आणि तिचं नाव बादशहा.

बादशहा हा दरबारचा चित्तेवान. शिकारीचे चित्ते सांभाळणारा. अंगानं सडसडीत, मिशीला रोज तूप लावणारा, आणि एकदा ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवणारा. "जनावर ते जनावर," असं गणपतरावांचं मत होतं. "चित्ता कळतो त्याला हत्ती कळंल की. हत्ती चित्त्यापेक्षा मोठा हाय, म्हंजे दिसायलाबी सोपा."

अशा अवस्थेत मुंबईहून पुस्तकांचं पार्सल आलं.

परमुलखात जायचं तर तिथली माहिती आणि बोली सांगणारं पुस्तक हवं, म्हणून दरबारनं एका पुस्तकाची मंजुरी दिली होती. मुंबईच्या दुकानदारानं तीन पाठवली. सोबत चिठ्ठी होती. ती हत्तीखान्याचा कारकून कृष्णात यानं वाचून दाखवली. कृष्णातचं इंग्रजी सहावीपर्यंत झालं होतं आणि सासरवाडी गडहिंग्लजकडची असल्यामुळं सासूशी तो कानडीत बोलायचा. म्हणजे परदेशाचा अनुभव म्हणून हत्तीखान्यात जो काही होता, तो त्यालाच होता.

"तीन पुस्तकं पसंतीसाठी पाठवली आहेत," कृष्णात वाचत होता. "एक ठेवून घ्यावं, दोन परत करावीत. पुस्तकांची पानं कापू नयेत. पान कापल्यास तिन्ही पुस्तकं खरेदी केली असं समजण्यात येईल."

त्या काळी विलायतेत छापलेली पुस्तकं अशीच यायची. पानं कडेला एकमेकांना जोडलेली असायची आणि वाचणाऱ्यानं सुरीनं कापत कापत पुढं जायचं. न कापता वाचायचं तर दोन पानं दिसणार आणि पुढची दोन पोटात.

"म्हंजे निम्मं पुस्तक मिटलेलं?" गैबीनं विचारलं.

"निम्मं."

"आणि निम्म्या पुस्तकावरनं सबंध पुस्तक पसंत करायचं?"

"मुलगी कशी पसंत केलतीस?" गणपतराव म्हणाले. मग त्यांनी तिन्ही पुस्तकांवर हात ठेवला. भित्रा माणूस, पण शब्दाचा पक्का. बावीस वर्षांच्या नोकरीत एकदा दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवला नव्हता, कारण फिरवायचा तर नवीन कागद लिहावा लागतो. "ऐका दोघंबी. मंजुरी एका पुस्तकाची हाय. ज्यानं पान कापलं, तो रंगूनला जायचा न्हाय. हा माझा शब्द. सोमवारी सकाळी दोघांनी आपापल्या पसंतीच्या पुस्तकातली वीस वाक्यं तोंडपाठ म्हणायची. जो न अडखळता म्हणील त्याचं पुस्तक ठेवायचं, आणि तोच माझ्यासंगं येईल."

"पण रावसाहेब, बरोबर म्हटलं का चूक, हे कोण सांगणार?" कृष्णातनं विचारलं. "ब्रह्मी बोली आपल्यात कुणालाच येत न्हाय."

"म्हणूनच परीक्षेत तंटा व्हायचा न्हाय," गणपतराव म्हणाले.

बादशहानं पुढं होऊन सगळ्यात जाड, लाल कापडाच्या बांधणीचं पुस्तक उचललं. त्यानं ते उघडलं नाही, वजन करून बघितलं. "हे," म्हणाला, आणि मिशीला पीळ देऊन निघून गेला. त्याचा एक मेव्हणा पोस्टात होता, तो वाचून देणार होता.

राहिली दोन. गैबी आणि कृष्णात ती घेऊन गैबीच्या घरी आले आणि मिरच्या सरकवून अंगणात बसले. कृष्णातनं पुस्तक डोळ्यापाशी धरलं, जोडपानाला बोटानं फुगवून त्याची नळी केली आणि नळीत एक डोळा घातला. दुर्बिणीतून रंगून दिसत असल्यासारखा तो बराच वेळ तसाच बसला.

"काय दिसतंय?" गैबीनं विचारलं.

"अंधार. आणि एक 'परंतु'."

उघडी पानं मात्र वाचता येत होती. पहिलं पुस्तक निळं, चित्रांचं, मिशनच्या मडमांसाठी लिहिलेलं. त्यातली वाक्यं कृष्णात मराठी करून सांगायला लागला. "तुमची आजी सुखी आहे काय? मग ती का रडते? बाई, तुमच्या पोराच्या नाकात वाटाणा आहे. तो तिथं किती दिवस आहे?"

"हे लई उपयोगाचं हाय," दारातनं बायडाबाई म्हणाल्या. त्या छत्रीचा रंग सांगायला आल्या होत्या.

"आणि ह्यात सगळी चित्रं हायती," गैबी म्हणाला. त्याला एका चित्रात नदी दिसली होती आणि नदीत होडी. त्याचा जीव त्या होडीत जाऊन बसला होता. "हेच घेऊ की, कृष्णातराव. ही बघा होडी. ह्या होडीतनं मी जाणार."

"थांबा, दुसरं बघू."

दुसरं पुस्तक बारकं, तपकिरी आणि रॉकेलचा वास मारणारं. मौलमेनच्या कुठल्याशा लाकडाच्या वखारीतल्या साहेबानं ते लिहिलं होतं. वरती मथळा होता, 'वखारीतल्या कामकऱ्यांस सांगावयाची वाक्यं'. त्यात नमस्कार नव्हता, क्षेमकुशल नव्हतं. एकदम पहिलं वाक्य: "ओंडका उचल." दुसरं: "सरळ ठेव." तिसरं: "त्याच्यावर दुसरा ठेव." चौथं: "तिरका झाला. पुन्हा ठेव."

"ह्या माणसाला दोस्त नसावेत," कृष्णात म्हणाला.

"बोलणं तर लई तोडून हाय," गैबी म्हणाला. "हमालासुद्धा 'बाबा' म्हणावं लागतं. आपलं निळं बरं."

जुलेखा मिरच्या उलथत होती. तिनं मान वर केली नाही. "तिथं तुमी कशाला जाणार?"

"हत्ती आणाया."

"हत्तीला बोटीवर कोण चढवणार? फळ्या कोण टाकणार? वाटंतलं लाकूडसामान कोण हलवणार?"

"तिथलं हमाल."

"मग हमालाला काय इचारणार? तुझी आजी का रडती?"

कृष्णातनं तपकिरी पुस्तक पुन्हा हातात घेतलं. बायडाबाईंनी छत्रीचा रंग जांभळा सांगितला आणि त्या गेल्या. गैबीनं चित्रातल्या होडीकडं एकदा डोळे भरून बघितलं आणि निळं पुस्तक मिटलं. तपकिरी पुस्तक पसंत झालं.

मग पाच दिवस नुसती धामधूम. कृष्णातनं वीस वाक्यं मराठी अक्षरात लिहून काढली. गैबीला ना मराठी वाचता यायचं ना इंग्रजी, म्हणून कृष्णातनं म्हणायचं आणि गैबीनं घोकायचं. घोकायचं कुठं, हाही प्रश्नच. हत्तीखान्यात म्हटलं तर बादशहाच्या कानावर जाईल. म्हणून गैबी पंचगंगेच्या घाटावर जाऊन घोकायचा. कपडे धुणाऱ्या बाया आधी घाबरल्या, मग चौथ्या दिवशी त्याच तालावर धुणं आपटायला लागल्या. जुलेखानं त्याच्यासाठी नवीन सदरा शिवला, जुन्या पेटीला कुलूप बसवलं, आणि पेटीत तिखट भरल्यावर सदऱ्याला जागा उरली नाही म्हणून सदरा अंगावरच न्यायचं ठरवलं. उचगावच्या एका पाहुण्यानं खास येऊन बोट लागली तर कोकम चोखायचं, असं सांगितलं. बोट त्यानंही बघितली नव्हती.

इथं बिजलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिनं केलं.

बिजली ही गैबीची हत्तीण. उभ्या हत्तीखान्यात तिच्याइतकं मंद जनावर नव्हतं. एक पाऊल टाकायचं ठरवून ते टाकेपर्यंत माणसाचं पान खाऊन व्हायचं. बावीस वर्षांपूर्वी बिहारात सोनपूरच्या जत्रेतून ती कोल्हापूरला आली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, की आधी कुठंतरी लांब पूर्वेला कामाला होती. काय काम ते कुणी विचारलं नव्हतं. तिला बस, ऊठ, चल शिकवायला गैबीला आठ महिने लागले होते. "येताना दगड होती," तो अभिमानानं सांगायचा. "एक शब्द कळत नव्हता. हिला बोलणं मी शिकवलं." तिला एकच खोड होती. वाटेत कुठं लाकूड आडवंतिडवं पडलेलं दिसलं, की ती थांबायची, सोंडेनं ते सरळ करायची आणि मगच पुढं जायची. दसऱ्याच्या स्वारीत तिनं एकदा रस्त्याकडेच्या मांडवाचे बांबू नीट लावून दिले होते. जनावरालाही एखादं वेड असतं, म्हणून लोक सोडून द्यायचे.

सोमवार उजाडला. हत्तीखान्याच्या आवारात गणपतराव बाकावर बसले. बघायला सगळी पेठ आली होती आणि उन्हाला भिऊन वैरणीच्या छपराखाली दाटीनं उभी होती. बादशहानं आपला एक चित्ता बरोबर आणला होता; त्याचं म्हणणं, चित्ता शेजारी असला की त्याला नीट आठवतं. डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेला तो चित्ता बाजल्यावर बसला होता. शिकारीला नेताना गाडीत घालतात तसलं लाकडी बाजलं, भक्कम. एका बाजूला बिजलीला नदीवर न्यायचं म्हणून तिचा साखळदंड सोडून ठेवलेला होता. तिला कुणी बघितलंसुद्धा नाही. ती आवाराच्या भिंतीसारखीच एक गोष्ट होती.

बादशहानं वीस वाक्यं एका दमात म्हणून दाखवली. कुठं अडखळला नाही, मध्ये श्वास घेतला नाही, शेवटी छातीवर हात ठेवून वाकला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी "अगं बया" म्हणालं.

"अर्थ काय?" गणपतरावांनी खूश होऊन विचारलं.

कृष्णातनं लाल पुस्तकात बघून सांगितलं, "हा बर्फ कालचा आहे. माझ्या टोपीवर कोण बसलं? आंघोळीच्या पाण्यात बेडूक आहे, त्याचं वेगळं भाडं पडतं काय?"

"शाबास. प्रवासात ही वेळ येती," गणपतराव म्हणाले. "गैबी, तू."

गैबी पुढं आला. नवा सदरा काखेत काचत होता. समोर बादशहा मिशीतून हसत होता, आणि कानात आगबोटीचा भोंगा वाजत होता. त्यानं डोळे मिटले, घाट आठवला, धुण्याचा ताल धरला आणि पहिलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं.

ते वाक्य इथं देत नाही. वाचणाऱ्याच्या दारावरून कधी कुठला हत्ती जाईल, सांगता येत नाही.

बिजलीचे कान हलायचे थांबले. मग तिनं मान वळवली, आणि वळवली ती झटकन. बावीस वर्षांत तिनं कुठलीही गोष्ट झटकन केली नव्हती. ती चार पावलं चालली, छपराच्या डागडुजीसाठी पडलेली सागवानी तुळई तिनं सुळ्यासारख्या बारक्या दातांवर तोलून उचलली आणि आवाराच्या मधोमध येऊन उभी राहिली. ती गैबीकडं बघत होती.

गैबीचे डोळे मिटलेलेच. त्यानं दुसरं वाक्य म्हटलं. तुळई सरळ ठेवली गेली. तिसरं म्हटलं. तिच्यावर दुसरी तुळई आली.

"चाचा," कृष्णात हळू आवाजात म्हणाला, "डोळं उघडा."

गैबीनं डोळे उघडले तेव्हा बिजली गणपतरावांच्या बाकापाशी होती. गणपतराव हरकत घ्यायला उठले होते. उठले नसते तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. बाक तुळयांवर गेला, अगदी काटकोनात.

"बिजले, थांब," गैबी ओरडला. मग "बस" म्हणाला, "मागं हो" म्हणाला, आठ महिने खपून शिकवलेलं सगळं म्हणाला. बिजलीनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं कामात गढलेल्या माणसानं मध्ये बडबडणाऱ्या लहान पोराकडं बघावं. तिनं कचेरीचा दरवाजा चौकटीसकट काढला आणि बाकावर आडवा ठेवला.

"कचेरी उघडी पडली," गणपतराव म्हणाले. "कृष्णात, कचेरी उघडी पडली, लिहून ठेव."

"त्येंच्या बोलीत थांब म्हणा की," वैरणीच्या छपराखालून कुणीतरी सुचवलं.

गैबीला त्या बोलीतली वीसच वाक्यं येत होती. त्यातल्या एखाद्याचा अर्थ थांब असेल म्हणून त्यानं उरलेली एकापाठोपाठ म्हणून टाकली. ती सगळी कामाची निघाली. बिजलीनं सगळी पाळली. चौथं वाक्य, तिरकं झाल्याचं, ऐकून तिनं दरवाजा एक बोटभर सरकवून नीट केला. मग ती बाजल्याकडं वळली.

बादशहानं चित्त्याला सोडलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं कबूल केलं पाहिजे. त्यानं बाजल्याचा पाय धरला, बाजल्याबरोबर तो उचलला गेला आणि ढिगावर बाजलं टेकलं तेव्हा तोही वर होता. दोन पुरुष उंचीवर, चित्त्याच्या शेजारी. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी होती, त्यानं फक्त जांभई दिली. बादशहा मात्र भीतीनं लाल पुस्तक घडघडा म्हणायला लागला. आंघोळीच्या पाण्यात बेडूक असल्याचं त्यानं सात वेळा सांगितलं. बिजलीवर त्याचा परिणाम झाला नाही.

गैबीनं तोंड दाबून धरलं. पण वखारीत वाढलेलं जनावर; थांब म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. तिनं आवारभर नजर फिरवली. लाकूड आता एकाच ठिकाणी उरलं होतं. वैरणीच्या छपराचे खांब. आणि त्या छपराखाली सगळी पेठ, पुढं हत्तीण आणि मागं भिंत अशी अडकलेली, बायडाबाईंसकट.

"कृष्णातराव, बघा की त्यात," गैबी म्हणाला.

कृष्णात तपकिरी पुस्तकाच्या जोडपानात डोळा घालून केव्हाचा बघत होता. "हाय चाचा. 'काम थांबव', असं लिहिलंय. पण त्याचा ब्रह्मी शब्द आत वळलाय. पान कापल्याबिगर दिसायचा न्हाय."

"कापायचं न्हाय," गणपतराव म्हणाले. बाक गेला होता, पण शब्द जागेवर होता. "कापील तो रंगूनला न्हाय. मी सांगितलंय."

बिजलीनं पहिल्या खांबाला सोंड घातली. छपरावरून वैरण गळायला लागली.

गैबीनं पुस्तकाकडं बघितलं. त्या मिटलेल्या पानात एक शब्द होता, आणि त्याच पानाच्या मागं आगबोट, रंगून, मौलमेन, चित्रातली होडी आणि हत्ती उगवतात ती जागा. त्यानं कृष्णातच्या हातातून पुस्तक घेतलं, अंकुशाचं टोक पानात घातलं आणि सरळ ओढलं. फर्र असा आवाज झाला.

"वाचा," तो म्हणाला.

कृष्णातनं वाचलं. गैबीनं म्हटलं. एकच अक्षर होतं म्हणा ना.

बिजली थांबली. तिनं खांब सोडला, सोंड खाली सोडली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली.

कृष्णात कापलेलं पान वाचत होता. "चाचा," तो म्हणाला, "ह्यात लिहिलंय, की कामकरी म्हंजे हत्ती समजावेत. वखारीत माणसं कमी, हत्तीच जास्त." मग म्हणाला, "आणि खाली अजून एक वाक्य हाय. 'आजचं काम झालं. पाण्यावर जा.'"

ते वाक्य त्यानं म्हणून दाखवलं. गैबीनं ते खणखणीत म्हटलं नाही. बिजलीच्या जवळ गेला, तिच्या कानापाशी तोंड नेलं आणि हळू म्हटलं. बिजलीच्या पोटातून एक आवाज आला, इतका खोल की तो ऐकू येण्याऐवजी गैबीच्या बरगड्यांत वाजला. तिनं सोंड त्याच्या खांद्यावर टाकली. नव्या सदऱ्याची काख उसवली.

"बावीस वर्सं," गैबी तिला म्हणाला. "बावीस वर्सं बोलाया कुणी नव्हतं व्हय गं तुला? आणि मी म्हणत फिरलो, दगड होती."

बिजली एकटीच नदीवर गेली. वाट तिला माहीत होती.

बादशहाला उतरवायला दुपार झाली, कारण शिडी ढिगाच्या तळात गेली होती. उतरल्यावर त्यानं मिशीला हात न लावता गणपतरावांना सांगितलं, की ज्या मुलखातले हमाल असले असतात तिथं तो येणार नाही. वर बसून त्यानं ह्याचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी दार नसलेल्या कचेरीत बैठक झाली. बाहेर कावळे, आत गणपतराव, कृष्णात आणि पागोटं हातात घेतलेला गैबी. रात्री जुलेखानं पेटीचं कुलूप काढलं होतं. सदऱ्याची उसवलेली काख तेवढी शिवली होती.

"तिन्ही पुस्तकं गळ्यात पडली," गणपतराव म्हणाले. "आणि माणूस एकबी न्हाय. बादशहा न्हाय म्हणतोय. गैबीला मी नेऊ शकत न्हाय, शब्द गेलाय."

"व्हय सरकार," गैबी म्हणाला. "शब्द म्हंजे शब्द."

"माझंबी काळीज तुटतंय रं. पण काय करणार?"

कृष्णातनं दौतीत टाक बुडवला, पण लिहिलं नाही. "रावसाहेब, एक इचारू? सगळ्या कोल्हापुरात ब्रह्मी बोली खरोखर कुणाला कळती?"

गणपतराव विचार करू लागले. खिडकीतून नदीवरून परत आलेली बिजली दिसत होती. चौकटीजवळ पडलेला दाराचा अडसर ती भिंतीला समांतर करत होती.

"मराठीबी कळती तिला," कृष्णात पुढं म्हणाला. "दोन्ही भाषा. दुभाष्याला आणि काय लागतं? परत तिथलं हत्ती बरं का वाईट, हे तिच्याइतकं कोण सांगणार? आपल्या माणसाला मौलमेनचा व्यापारी फशीवंल. तिला न्हाय फशीवणार."

गणपतरावांनी बिजलीकडं मान वळवली. मग त्यांनी विचारलं, "तिला बोट लागती का?"

"कोकम घेऊ की," गैबीच्या तोंडून निघून गेलं.

"तू थांब. तू येत न्हाईस." गणपतरावांनी कपाळावर बोट टेकवलं. "दुभाषी म्हणून हत्तीण न्यायची. बरं. हत्तीण म्हटल्यावर तिच्यासंगं काय काय लागतं? लिही, कृष्णात. साखळदंड एक. झूल एक. वैरण. माहूत एक." ते थांबले. "माहूत जातो असं म्हणता येत न्हाय, न्हाय का? तो हत्तीसंगं असतोच. झुलीसारखा."

"झुलीसारखा," कृष्णातनं लिहून घेतलं.

गैबी घरी पळत गेला. चाळीस वर्षांचा माणूस पेठेतून सदरा सावरत पळताना बघून आकारामनं पानाच्या दुकानातून ओरडून विचारलं, "काय झालं रं?"

"झुलीत नाव लागलं," गैबी पळता पळताच म्हणाला.

जुलेखानं कुलूप परत लावलं. निळं पुस्तक तिनं स्वतःकडं ठेवून घेतलं, चित्रांसाठी. लाल पुस्तक गणपतरावांनी घेतलं आणि बर्फाचं वाक्य पाठ करायला सुरुवात केली. तपकिरी पुस्तकाची उरलेली सगळी पानं गैबीनं आता रीतसर सुरीनं कापली, आणि कृष्णातनं विसाची शंभर वाक्यं करून दिली. "शाबास" कसं म्हणायचं, ते शेवटून दुसऱ्या पानात निघालं. साहेबाला दोस्त नव्हते हे खरं नव्हतं, फक्त ते पान मिटलेलं होतं.

निघायच्या दिवशी कोल्हापूरच्या स्टेशनावर उभं राहायला जागा नव्हती. गाडीच्या शेवटी मालाची एक उघडी वाघीण जोडली होती आणि बिजलीला तिच्यावर चढवायला फलाटाच्या टोकाला आणलं होतं. बायडाबाई छत्रीचा रंग बदलायला आल्या होत्या. जुलेखानं पेटी वाघिणीत ठेवली, पेटीवर दुसरी पेटी ठेवली आणि गैबीला म्हणाली, "दुसरीत बी तिखटच हाय. हत्तिणीनं मागितलं तर देऊ नका."

"तू न्हाय म्हणालीस तर मी जात न्हाय, बघ," गैबी म्हणाला. त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"जावा आता. आणि तिकडं कोण आजी रडत आसंल तर इचारा का म्हणून. मला कळवा."

एवढ्यात बिजली वळली. फलाटापलीकडं रुळाखाली घालायच्या लाकडी स्लीपरांचा ढीग होता, कुणीतरी घाईनं कसाही टाकलेला. ती त्याच्याकडं चालत गेली आणि एक एक स्लीपर उचलून रचायला लागली.

गार्डनं शिट्टी फुंकली. मग दुसऱ्यांदा फुंकली. गणपतराव डब्याच्या खिडकीतून लाल पुस्तक हलवत म्हणाले, "गैबी, थांब म्हण की तिला. येतंय न्हवं आता तुला?"

"येतंय की सरकार," गैबी म्हणाला. त्यानं ढिगाकडं एक डोळा बारीक करून बघितलं आणि तिच्या बोलीत तिला सांगितलं, की डावीकडचा तिरका झाला, पुन्हा ठेव. बिजलीनं पुन्हा ठेवला.

"दोनच राहिल्यात," तो गार्डला म्हणाला.

गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली.